परकोटाला टेकलेली बँक

बावीस वर्षं माझं काम एवढंच होतं. माणसाला एका बिनखिडकीच्या खोलीत न्यायचं, तिथल्या लोखंडी कपाटातल्या त्याच्या खणाला माझी चावी लावायची, अर्धा फेरा द्यायचा आणि पाठ फिरवून बाहेर यायचं. आत तो काय ठेवतो, काय काढतो, हसतो की डोळे पुसतो, हे पाहायचं नाही. चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत मला सगळे ‘लॉकरवाल्या वनकरबाई’ म्हणत. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी मास्तरीण झाल्या, नर्स झाल्या; त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मी मात्र आयुष्यभर न पाहण्याची नोकरी केली. तरी दिवाळी अंकवाल्यांनी दोनदा फोन केला आणि मलाही एक गोष्ट कधीतरी सांगून टाकायचीच होती, म्हणून लिहायला बसले.

ज्यांचा लॉकरशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लॉकरला दोन चाव्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. एकट्या बँकेला तो उघडता येत नाही, एकट्या ग्राहकालाही नाही. लग्नात मंगळसूत्राबरोबर ही पद्धत समजावून सांगितली तर बरेच संसार सुरळीत चालतील असं मला वाटतं, पण मला कोणी विचारलं नाही. हे सगळे लॉकर ज्या खोलीत असतात ती स्ट्राँगरूम. आमच्या स्ट्राँगरूमचं दार वीतभर जाडीचं, पोलादी. त्याला दोन अधिकाऱ्यांच्या दोन चाव्या आणि मधोमध एक मोठं चाक. आधी चाव्या फिरवायच्या, मग चाक. की दाराच्या कडेतले जाड दांडे आत सरकत आणि दार उघडे. जहाजाचं सुकाणू असतं तसं ते चाक होतं, पण चंद्रपुरात जहाज कोणी पाहिलेलं नसल्यामुळे लोक त्याला स्टेअरिंग म्हणत.

शाखा परकोटाच्या आत होती. जुनी माणसं या शहराला अजून चांदा म्हणतात, आणि चांद्याभोवती गोंड राजांनी बांधलेला दगडी परकोट आहे. सहलीला आलेल्या पोरांना तो इतिहास वाटतो. त्याला लागून राहणाऱ्यांना ती गोधड्या वाळत घालायची सोय वाटते. आमच्या शाखेची मागची भिंत म्हणजे परकोटच होता. फार पूर्वी कोण्या व्यापाऱ्यानं कापसाची आणि जंगलातल्या मालाची पेढी काढली, तेव्हा तीन भिंती स्वतः बांधल्या आणि चौथी राजाची वापरली. एका भिंतीचा खर्च वाचवला, हाच आमच्या गावातल्या बँकिंगचा आरंभ म्हणायला हरकत नाही. पुढे ती पेढी बुडाली. काहींच्या मते ती बुडवली. नंतर तिथं आमची सहकारी बँक भाड्यानं आली. तिचं नाव सांगत नाही. आता ती एका मोठ्या बँकेत विरघळली आहे आणि मोठ्या बँकेला तिची आठवण काढलेली आवडत नाही.

माझी आई लहानपणी याच पेढीत जळणाच्या मोळ्या टाकायला येत असे, पण बाजूच्या बोळातून. समोरच्या पायऱ्या चढायची आमच्या लोकांना तेव्हा मुभा नव्हती. मी नोकरीला लागले त्या दिवशी ती मला सोडायला आली आणि पायऱ्यांपाशी थांबली.

“चाल ना वर,” मी म्हटलं.

“नाई, तू जाय. मले इथचा बोळच माहीत हाये,” ती म्हणाली आणि घराकडे वळली.

काही वर्षांनी त्या घराच्या सगळ्यात जड दाराची एक चावी माझ्याकडे आली. आईला सांगितलं तर म्हणाली, “हरवू नको.”

ग्राहक नाना तऱ्हेचे. एक निवृत्त हेडमास्तर होते. उन्हाळा लागला की दर दोन दिवसांनी लॉकर उघडायला यायचे आणि अर्धा अर्धा तास आत बसायचे. मला वाटायचं, या माणसाकडे किती दागिने असतील. त्यांनी लॉकर परत केला तेव्हा स्वतःच खण ओढून मला दाखवला. रिकामा. “परकोटाची भिंत आहे ना बाई, आत फार थंड असतं,” ते म्हणाले. “मे महिन्यात चंद्रपुरात एवढी थंड जागा नाही.” वार्षिक भाडं भरून ते गारवा विकत घेत होते. बँकेनं त्यांच्यासाठी दोन चाव्या, एक पोलादी दार आणि मला ठेवलं होतं.

आणि दुसरे होते जिवतीचे सोपानभाऊ गायकवाड. ज्यांच्यासाठी हे सगळं लिहीत आहे त्यांतले ते एक. मूळचे मराठवाड्यातले. एका मोठ्या दुष्काळात त्यांचे वडील बायकापोरं घेऊन जिवतीच्या डोंगरावर आले आणि कोरडवाहू जमीन कसू लागले. त्यांच्या गावाची गंमत अशी की त्यावर दोन राज्यं हक्क सांगत होती, आपलं आणि शेजारचं आंध्र. शाळा दोन, रेशनकार्डं दोन, मतदान दोनदा. सोपानभाऊ म्हणत, “दोघंबी म्हणत्यात तुम्ही आमचेच. पर रस्ता कोणीच करीना.”

त्यांच्याकडे त्याच एका जमिनीचे दोन राज्यांचे कागद होते. मी पहिल्यांदा त्यांना विचारलं होतं, कागदांसाठी कोणी लॉकर घेतं का. ते म्हणाले, “बाई, घरात उंदीर हाय, वाळवी हाय, आन् दोन सरकारं हायत. मराठी सायब आला आन् त्याला तेलुगू कागद घावला, तर म्या कोणाचा?” मी त्यांना फॉर्म दिला.

नवं शतक लागून दोन-चार वर्षं झाली असतील. मुख्य कार्यालयानं ठरवलं की शाखा परकोटाबाहेर, रुंद रस्त्यावरच्या नव्या इमारतीत न्यायची. कारण दिलं होतं पार्किंगचं. राजानं परकोट बांधताना घोड्यांचा विचार केला होता, ग्राहकांच्या चारचाकींचा केला नव्हता. आमचे मॅनेजर साबळे साहेब साताऱ्याकडचे. माणूस सज्जन, पण नियमाला भिणारा आणि आमच्या उन्हाला त्याहून जास्त. त्यांनी लॉकरधारकांना पत्रं पाठवली: आपापल्या वस्तू काढून न्या, नव्या शाखेत पुन्हा ठेवा. रविवारी सामान हलणार होतं. सोपानभाऊंना मी शनिवारचा दिवस दिला होता.

शुक्रवारी दुपारी कामकाज संपल्यावर आम्ही स्ट्राँगरूम बंद केली. त्यानंतर ठेकेदाराची माणसं हॉलमधली एक जुनी तिजोरी बाहेर काढायला लागली. ही तिजोरी पेढीच्या काळातली. तिला चावी नव्हती, उपयोग नव्हता, आत काय होतं तेही कोणाला ठाऊक नव्हतं. पण सामानाच्या यादीत तिचं नाव होतं, म्हणून तिला नव्या शाखेत जाणं भाग होतं. ती उंबऱ्याशी अडली. उचलायला साखळी-कप्पी लावायची, तर साखळीचं दुसरं टोक कुठंतरी पक्कं बांधायला हवं. ठेकेदार माझ्याकडे आला.

“बाई, ह्या चाकाले साखळी बांधू काय? मजबूत दिसून राह्यलं.”

माझ्या हातात लॉकरधारकांची यादी होती. कोण येऊन गेलं, कोण राहिलं, खुणा करत होते. मी मानही वर केली नाही. “बांधा,” म्हटलं.

साखळी ताणली गेली, तिजोरी उंबऱ्यावरून पलीकडे गेली. मागे दारातून एक बारीक आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. मी तो ऐकला. आणि यादीतल्या पुढच्या नावावर खूण केली.

शनिवारी सकाळी साबळे साहेबांनी त्यांची चावी फिरवली, मी माझी फिरवली. दोन्ही फिरल्या. चाक हललं नाही. साहेबांनी दोन्ही हातांनी लावून पाहिलं, मग शिपायानं, मग रांगेत उभ्या असलेल्या एका पहिलवान दिसणाऱ्या ग्राहकानं. काहीच नाही. साहेबांनी घाम पुसत मला विचारलं, “वनकरबाई, काल बंद करताना व्यवस्थित होतं ना?”

“होतं, साहेब.”

बंद करताना ते व्यवस्थितच होतं. साखळी नंतर बांधली. त्यामुळे मी खोटं बोलले असं म्हणता येत नाही, आणि पुढे बराच काळ मी स्वतःला तेच सांगत राहिले. ठेकेदार समोरच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो ट्रकला दोर बांधायला निघून गेला.

सोपानभाऊ पहिल्या गाडीनं आले होते. त्यांनी खिशातून नोटीस काढून दाखवली. शेजारच्या एकानं त्यांच्या जमिनीवर दावा लावला होता. बुधवारी जिवतीला तहसीलदारांपुढे सुनावणी. ‘मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.’

“उघडंल ना, माय?”

“सोमवारी या,” मी म्हटलं.

“जातो कशाला? जायला-यायलाच दिवस जातो,” ते म्हणाले. महाकालीच्या देवळाजवळ धर्मशाळा आहे, तिथं त्यांनी पिशवी टाकली, आणि तेव्हापासून शाखा उघडायच्या आधी ते पायरीवर येऊन बसलेले असत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सामान हलवणं पुढे ढकललं आणि रविवारी नागपूरहून तज्ज्ञ आला. आमच्या बँकेच्या पॅनेलवरचा, म्हणजे ज्याला बोलवायची लेखी परवानगी आहे असा माणूस. त्यानं चाकात लांब पाइप अडकवला आणि दोन माणसांना तो ओढायला लावला. चाक आणखी वाकडं झालं. मग त्यानं चष्मा लावून चौकटीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि निदान केलं: इमारत जुनी आहे, भिंत खचली, त्यामुळे चौकट झुकली आणि दार अडकलं. उपाय दोन. पहिला, गॅसनं दार कापायचं.

“आत कागद असले तर?” मी विचारलं.

“उष्णता फार असते, मॅडम. कागदांची हमी देता येणार नाही.”

दुसरा उपाय, मागची भिंत फोडून आत शिरायचं. बाजूच्या भिंतींना लॉकरची कपाटं खिळलेली होती, तिथून जाता येत नव्हतं. पण मागची भिंत म्हणजे परकोट. परकोटाची देखरेख ज्या कार्यालयाकडे, तिथल्या माणसाला साहेबांनी घरी फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “लेखी अर्ज करा, पाहणी होईल.” किती दिवस लागतील? “ते पाहणीनंतर सांगता येईल.” साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “बाई, राजा जाऊन एवढी वर्षं झाली, तरी भिंत त्याच्याच ताब्यात आहे.” तज्ज्ञ अहवाल पाठवतो म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

त्याच संध्याकाळी मी गोल बाजारात करीमभाऊंच्या दुकानावर गेले. शेख करीम मिस्त्री. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं एवढं. कुलपं, चाव्या, सुटकेसच्या कड्या. जुन्या वस्तीतली अर्धी कुलपं त्यांच्या हातची आणि उरलेली त्यांनी कधीतरी उघडलेली. आमचं पोलादी दार बसवलं तेव्हा त्यांचे अब्बा तिथं मजुरीला होते. करीमभाऊ कधीच आमच्या पॅनेलवर नव्हते, कारण पॅनेलसाठी लेटरहेड लागतं.

मी त्यांना दाराचं सांगितलं. साखळीचं सांगितलं नाही.

सोमवारी मी करीमभाऊंचं नाव काढलं तेव्हा साबळे साहेब म्हणाले, “पॅनेलवर नसलेल्या माणसाला स्ट्राँगरूमला हात लावू देता येत नाही. उद्या काही झालं तर?”

मी म्हटलं, “साहेब, स्टेशनरीच्या कपाटाचं कुलूप अडकलंय. त्याला पॅनेल लागत नाही. स्टेशनरीचं कपाट स्ट्राँगरूमच्या शेजारीच आहे.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेर पायरीवर सोपानभाऊ बसलेले त्यांच्या खुर्चीतून दिसत होते.

“त्या कपाटाचं कुलूप खरंच अडकलंय का?”

“अडकवून ठेवते, साहेब.”

त्यांनी व्हाउचरवर सही केली. नियमाला भिणारा माणूस एकदाच नियम मोडतो तेव्हा तो फार नीट, तारीख-वार घालून मोडतो.

करीमभाऊ आले ते एक कापडी पिशवी, एक ओळंबा आणि शेजारच्या गॅरेजमधून मागून आणलेला ट्रकचा जॅक घेऊन. आधी त्यांनी ओळंबा सोडून चौकट मोजली. मग चाकावरून बोटं फिरवली. खालच्या आऱ्याशी ती थांबली. तिथला रंग खरवडला गेला होता आणि कड्यांचे वण सरळ दिसत होते. ते माझ्याकडे वळले.

“बाई, दोन-तीन दिवसांत इथी काही वजनी सामान हललं काय?”

“हो.”

“हं.” एवढंच म्हणून ते कामाला लागले.

दुपारी चहाच्या वेळी आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, “दरवाजा बिमार नाई. चौकट बी सीधी हाये, सुतभर फरक नाई. हे घर आणखी शंभर साल उभं राह्यते. कोणी तरी ह्या चाकाचा हात मुरगळला.”

“मीच हो म्हटलं होतं, करीमभाऊ. साखळी बांधायला.”

“मले समजलं व्हतं,” ते म्हणाले. “वण पाह्यल्यावर तुम्ही माह्याकडं पाह्यलंच नाई. जो पाह्यत नाई त्याले माहीत असते.”

माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांनी चहा संपवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

काम सोमवारी संपलं नाही. त्यांनी चाक उतरवलं. त्याच्यामागचा फिरता आस वाकला होता आणि तज्ज्ञाच्या पाइपनं त्यात आणखी पीळ भरला होता. त्यांनी डिझेल सोडलं, दाराखाली जॅक लावून त्याचं वजन केसभर उचललं, आसाला मोठा पाना लावला, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक पोलादाला टेकवून मूठ दातांत धरली. आतला आवाज असा दातांतून कळतो म्हणाले. मंगळवारी दुपारपर्यंत दाराच्या चार दांड्यांपैकी तीन सुटले. चौथा हलेना. साहेब दर अर्ध्या तासानं येऊन विचारत, “स्टेशनरीचं कपाट कुठवर आलं?” जिवतीकडे जाणारी शेवटची सोयीची गाडी साडेचारला होती.

करीमभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि पान्याला हात लावून नुसते उभे राहिले.

“थांबलात का?” मी विचारलं.

“सुरुंगाची वाट पाहून राह्यलो.”

आमच्या शहराभोवती कोळशाच्या खाणी आहेत. दुपारी ठरलेल्या सुमाराला सुरुंग उडतो आणि घराघरात मांडणीवरची भांडी वाजतात. नवीन माणूस दचकतो, आम्ही घड्याळ लावतो. करीमभाऊ म्हणाले, “फुकटचा हातोडा हाये, वापरून घेऊ.” आणि सोपानभाऊंना पान्याच्या दुसऱ्या टोकाला हात लावायला सांगितलं.

सुरुंग उडाला. जमीन हलली, खिडकीच्या काचा थरथरल्या, दोघांनी एकदम जोर दिला, आणि दांडा आत गेला. दार उघडलं तेव्हा आतून थंड हवेचा झोत आला. साबळे साहेब धावत आले, पाहिलं, आणि शिपायाला म्हणाले, “आधी ते स्टेशनरीचं कपाट उघडा, कोणी पाहिलं तर.”

सोपानभाऊंना मी आत नेलं, माझी चावी फिरवली आणि सवयीनं पाठ फिरवली. तेवढ्यात त्यांनी हाक मारली. “बाई, जाऊ नका. हे बघा.”

खतांच्या पिशवीच्या प्लास्टिकात गुंडाळलेले दोन्ही संच सुटून एकमेकांत मिसळले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. शिक्क्यांवरून ते कागद ओळखत, पण घाईत शिक्केही दिसेनात. “उद्या त्या सायबासमोर भलताच कागद निघाला तर मेलो.”

सगळ्या नोकरीत मी लॉकरच्या आतल्या वस्तूला त्या एकाच दिवशी हात लावला. जमिनीवर बसून आम्ही कागद वेगळे केले, मराठी इकडे, तेलुगू तिकडे. मध्ये एका मुलीचे शाळेचे दोन दाखले निघाले. एकावर मीरा. दुसरा तेलुगूत होता, त्यावरचं नाव मला वाचता येईना, म्हणून मी विचारलं, हिचं नाव काय आहे.

“मीरम्मा,” ते म्हणाले. “पोरगी एकच हाय. शाळा दोन हायत.”

मराठी संच मी माझ्या रुमालात बांधून दिला. त्यांना साडेचारची गाडी मिळाली.

महिन्याभरानं ते नव्या शाखेत रुमाल परत करायला आले. जमीन त्यांच्याच नावावर राहिली होती, निदान आपल्या राज्यात. मी विचारलं, सुनावणीत काय झालं. ते जरा ओशाळून म्हणाले, “तिथला कारकून म्हनला, झेरॉक्स चालली असती. खरा कागद कशाला हिंडवता.” मग थोडं थांबून म्हणाले, “पर झेरॉक्स काढायला खरा कागद लागतो, हे त्याला म्या सांगितलं नाही. सायबाला कशाला शिकवा.”

इथं थांबले असते तर गोष्ट छान होती. पण पुढे एक कागद आहे.

नागपूरच्या तज्ज्ञाचा अहवाल आला. त्याच्या आधारानं साबळे साहेबांनी बँकेचा अहवाल केला: ‘इमारतीच्या जीर्णतेमुळे भिंत खचून चौकट झुकली व दार अडकले. तांत्रिक साहाय्याने दार उघडण्यात आले.’ करीमभाऊंचं नाव त्यात नव्हतं. नोंदीप्रमाणे त्यांनी कपाटाचं कुलूप दुरुस्त केलं होतं. दुसऱ्या चावीची धारक म्हणून अहवालावर माझी सही हवी होती. साहेबांनी पेन पुढे केलं. सांगायला ती वेळ बरी होती. साहेबांची बदली साताऱ्याला व्हायची होती, माझ्या बढतीचा कागद मुख्य कार्यालयात होता, आणि साखळीचं बोललं तर दोन्ही अडलं असतं. मी सही केली. कोणाचं नुकसान झालं नव्हतं. झालंच तर एका इमारतीचं नाव खराब झालं होतं, आणि इमारत तक्रार करत नाही.

त्याच वर्षी बँकेनं स्मरणिका काढली. तिच्यात जुन्या शाखेचा फोटो होता आणि खाली ‘आमचा ऐतिहासिक वारसा’. त्याच सुमाराला इमारतीच्या मालकांच्या वारसांनी ती पाडायची परवानगी मागितली. इमारत धोकादायक आहे याला पुरावा काय, तर बँकेचा स्वतःचा अहवाल. खाली दोन सह्या.

पाडायचं काम दोन वर्षांनी सुरू झालं. मला बोळातून जाताना दिसलं. जेसीबी लागला होता आणि पहिल्या आठवड्यात त्याचा एक दात तुटला. ठेकेदार दुसराच होता. कपाळाला हात लावून माझ्याशेजारी उभा राहिला, मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

“कागदावर जीर्ण लिवलं होतं बाई, म्हणून आठ दिवसांचं काम धरलं म्या. हे पडूनच नाई राह्यलं. काऊन नाई पडत, समजत नाई.”

मला समजत होतं. मी त्याला सांगितलं नाही, आणि तो महिनाभर त्या भिंतींना शिव्या देत राहिला. शेवटी तीन भिंती पडल्या. पोलादी दार भंगारात गेलं. राजाची भिंत आहे तिथंच आहे. स्ट्राँगरूमच्या आत ती इतकी वर्षं झाकलेली होती, आता ऊन लागतं तर तेवढा पट्टा बाकीच्या दगडांपेक्षा फिका दिसतो. त्याच्यापुढे मोकळ्या जागेत गाड्या लावतात. पार्किंगची अडचण सुटली.

निवृत्त झाले तेव्हा मला रात्रंदिवस हेच खात होतं असं म्हणणं खोटं ठरेल. मधूनमधून आठवायचं, भाजी निवडताना वगैरे. एक दिवस बसले आणि बँकेला पत्र लिहिलं. दार का अडकलं ते लिहिलं. साखळी बांधायला कोणी हो म्हटलं ते लिहिलं. चौकट सरळ होती आणि इमारत मजबूत होती, हे ओळंबा लावून कोणी सांगितलं आणि दार कोणी उघडलं, तेही नावानिशी लिहिलं. म्हटलं, निदान नोंद दुरुस्त व्हावी. चार महिन्यांनी उत्तर आलं. ते तसंच उतरवते:

‘श्री. शेख करीम मिस्त्री, चंद्रपूर यांनी स्ट्राँगरूमचे दार उघडल्याबाबत व अन्य बाबींविषयी आपले पत्र मिळाले. सदर इमारत अस्तित्वात नसल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’

अन्य बाबी म्हणजे मी.

पत्र घेऊन मी गोल बाजारात गेले. करीमभाऊंचे हात आता थरथरतात, कुलपं मुलगा बघतो, ते स्टुलावर बसून असतात. मी पत्र वाचून दाखवलं. नस्तीबद्ध म्हणजे फाईल बंद केली, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पत्र हातात घेतलं. शिक्का पाहिला, सही पाहिली, मग बोट पहिल्या ओळीवर ठेवून विचारलं, “हे माहं नाव हाये काय?”

“हो. पूर्ण नाव आहे.”

“बँकेनं लिवलं?”

“बँकेनंच लिहिलं.”

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. “हे तुमच्या काही कामाचं हाये काय, बाई?”

“नाही.”

“मंग मी ठेवतो,” ते म्हणाले. दोन दिवसांनी त्या बाजूनं गेले, तर त्यांनी पत्राला लॅमिनेशन करून ते दुकानात, चाव्यांच्या हुकांच्या वर, येणाऱ्या माणसाला आधी दिसेल असं लावलं होतं.